रुमालाखालची मूठ

७ जुलै, सोमवार

आनंददायी शिक्षणाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण संपवून आज शाळेत परतले. पहिल्या दिवशी टाळ्या, दुसऱ्या दिवशी उड्या आणि तिसऱ्या दिवशी आम्हा पन्नास शिक्षकांना गोलात उभं करून 'मी झाड आहे' म्हणत डोलायला लावलं. एकोणपन्नासाव्या वर्षी माझे गुडघे डोलत नाहीत, नुसते वाजतात. शेवटी प्रशिक्षक बाई म्हणाल्या, रोज दैनंदिनी लिहा आणि तिच्यात स्वतःशी प्रामाणिक राहा. टाचणवहीत मी बावीस वर्षं 'विद्यार्थ्यांना घटक समजला' असं पाठ शिकवायच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवत आले आहे. तेव्हा प्रामाणिकपणाची सवय नव्याने लावून घ्यावी लागेल.

वही उघडायला प्रशिक्षण हे निमित्त झालं. खरं कारण पलीकडच्या वर्गातले निखिल सर. वय अठ्ठावीस, अंगात टी-शर्ट, खिशात सोंगट्या. ते सहावी 'ब'ला गणित शिकवतात, मी 'अ'ला. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज येतो आणि माझी मुलं तिकडे कान लावून बसतात. दोन पालकांनी तुकडी बदलून मागितली आहे. आज मुख्याध्यापिका प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या, "वैजयंतीताई, तुमचा वर्ग फार शांत असतो हो." इतकी वर्षं हे वाक्य मी कौतुक म्हणून ऐकलं. आज ते कौतुक नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार

अपूर्णांकांवर गाणं रचलं, चालीत म्हटलं, हातवारेही केले. छत्तीस मुलं माझ्याकडे बघत राहिली. गाणं संपल्यावर उदयसिंहाने हात वर केला. हा वर्गाचा स्वयंघोषित पुढारी, याला कुणी निवडलेलं नाही पण सगळे याचं ऐकतात.

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का?" त्याने काळजीनेच विचारलं.

भिंतीपलीकडे 'ब' तुकडी गप्प होती, म्हणजे तिकडेही ऐकू गेलं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेले नाही. प्रयोगशाळेत बसून डबा खाल्ला. घरी नंदकुमारने विचारलं, गाणं कसं झालं? मी म्हटलं, बरं झालं. नवऱ्याशी खोटं बोलण्याइतकंही ते गाणं मोठं नव्हतं.

१५ जुलै, मंगळवार

राजनंदिनीचे वडील हौसेराव आज तिच्या जन्मदाखल्याची प्रत द्यायला आले होते. मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या फळबाजारात तीस वर्षं माथाडी म्हणून ओझी वाहिली, आता पाठीने दगा दिल्यामुळे एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर पेट्यांची राखण करतात. राजनंदिनी म्हणजे तिसऱ्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची, अक्षर मोत्यासारखं असलेली मुलगी. काही विचारलं की मान हलवते. ती मान हो म्हणते की नाही, मला आजवर समजलेलं नाही.

मी हौसेरावांना म्हटलं, "तिला कळतं की नाही तेच कळत नाही. कधी तोंडातून शब्द काढत नाही."

ते म्हणाले, "चारचौघांत इचारल्यावर कोण सांगंल बाई? आमच्या बाजारात भाव सुदिक कुनी चारचौघांत सांगत न्हाई."

मग डोक्याचा तांबडा रुमाल सोडून त्यांनी दाखवलं. टॉवेलाएवढा रुमाल. तो हातांवर टाकायचा आणि खाली एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं धराल तितका भाव. वर दोघं हवापाण्याचं बोलत असतात, सौदा खाली होतो. आता बाजारात हे बरंच बंद झालंय म्हणाले, पण जुनी माणसं अजून करतात. त्यांनी लेकीला बोलावलं आणि तिच्याबरोबर करून दाखवलं. बाप-लेकीचा तो घरचा खेळ असणार, कारण राजनंदिनी चक्क खुदकन हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर आहेत हे मला आज कळलं.

"एक मातर हाय," हौसेराव म्हणाले. "आत काय झालं ते दोघांत ऱ्हातं. रुमाल उचलायचा न्हाई. ज्यानं उचलला त्याच्या हातात परत कुनी हात देत न्हाई."

मी एकदम म्हटलं, "हा रुमाल मला द्याल का थोडे दिवस? वर्गासाठी?"

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण रुमालाची घडी घालून दोन्ही हातांनी दिला.

१७ जुलै, गुरुवार

आज केलं. मुलांना नियम सांगितला. मी रुमाल घेऊन प्रत्येकाकडे येणार, तुम्ही खाली माझी बोटं धरायची. पाचही धरली तर सगळं कळलं. दोन-तीन धरली तर थोडं कळलं. काहीच कळलं नसेल तर नुसती मूठ टेकवायची. मी कुणाला काही बोलणार नाही आणि कुणाचं कुणाला सांगणार नाही. रुमाल उचलायचा नाही.

वर्गात कुजबुज, हसू, खुसखुस. मागच्या बाकांवरची मुलं मान उंचावून स्वतःच्या पाळीची वाट बघत होती. माझ्या वर्गात कुणी कशाची वाट बघताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता प्रामाणिकपणा. तीन मुलांनी पाच बोटं धरली. चौदा मुलांनी दोन किंवा एक. एकोणीस मुठी होत्या. अपूर्णांक शिकवायला घेऊन दोन आठवडे झाले होते. रोज मी "कळलं का?" विचारलं, रोज "हो बाई" असा एका सुरात जबाब आला आणि मी पान उलटलं. एकोणीस लहान, घामेजलेल्या मुठी माझ्या तळव्यावर टेकून गेल्या आणि माझा चेहरा गरम होत गेला. बावीस वर्षांत अशा किती मुठींवरून मी पुढे गेले, याचा हिशेब कुणी मागितला तर काय सांगू?

उद्या पहिल्यापासून शिकवणार.

२८ जुलै, सोमवार

दहा दिवस लिहिलं नाही कारण वेळ नव्हता. पोळ्या नेल्या, कागदाच्या पट्ट्या कापल्या, एकदा अख्खं कलिंगड नेलं आणि त्याचे आठ भाग केले. प्रत्येक तासाच्या शेवटी रुमाल. मुठी कमी होत चालल्या आहेत. शुक्रवारी 'ब'ची दोन मुलं आमच्या खिडकीशी उभी राहून बघत होती. हे लिहिताना मला हसू येतं आहे, म्हणजे मी अजून सुधारलेली नाही.

नंदकुमार म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या वर्गात तर छत्तीस मुठी आहेत, श्रीमंत झालीस."

राजनंदिनी मात्र रोज मूठ. म्हणून शाळा सुटल्यावर तिला पंधरा मिनिटं थांबवते. तिची अडचण मला चौथ्या दिवशी कळली. तिला वाटत होतं, छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा. एक अष्टमांश पोळी आणि एक चतुर्थांश पोळी समोर ठेवली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे जास्त जण असले की कमी मिळतं. हे मला माहितीये ना बाई, घरी असंच होतं." त्या दिवशी तिने माझी दोन बोटं धरली.

आज जाताना दारात थांबून म्हणाली, "बाई, मला जमत नाही हे पप्पांना सांगू नका. ते म्हणतात, इथं जमत नसेल तर गणपतीला गावी गेल्यावर तिकडंच शाळेत घालतो, आजीजवळ. मला नाही जायचंय."

मी म्हटलं, "वेडी की काय. रुमालातलं रुमालात."

२ ऑगस्ट, शनिवार

प्रियदर्शिनी मॅडमनी बोलावून सांगितलं की बुधवारी आपल्या शाळेत नमुना पाठ आहे. आजूबाजूच्या शाळांचे वीस शिक्षक येणार, शिक्षण विभागाचे साहेब येणार, आणि पाठ माझा. निखिल सरांचा नव्हे, माझा. चार पालकांनाही बोलवायचं ठरलं. मी सुचवलं, हौसेरावांना बोलवा, रुमाल त्यांचाच आहे.

मोरपंखी साडी इस्त्रीला दिली.

६ ऑगस्ट, बुधवार

नमुना पाठ झाला. छान झाला. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज घेतली. साहेब पुढच्या खुर्चीत, शिक्षक बाजूला, पालक मागच्या बाकांवर. मुलांनी पट्ट्या हौसेने जोडल्या. उदयसिंहाने फळ्यावर उदाहरण सोडवलं आणि नेत्यासारखा वाकून नमस्कार केला. मग रुमाल. साहेब प्रभावित झाले. शेवटी राजनंदिनीला पुढे बोलावलं तेव्हा रुमाल जरा सरकला आणि थोडा हशा झाला, पण साहेबांनी ते खेळीमेळीने घेतलं. म्हणाले, अहवालात तुमच्या उपक्रमाचं नाव घालतो. निखिल सरांनी हात मिळवून अभिनंदन केलं.

नंतर चहा-समोसे. हौसेराव चहा न घेता गेले. गाळ्यावर जायचं असेल.

साडी सगळ्यांना आवडली.

७ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी शाळेच्या फाटकाशी हौसेराव उभे होते. म्हणाले, "बाई, माजा रुमाल द्या." एवढंच. मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी झटकून डोक्याला बांधला आणि निघून गेले. कामाला लागत असेल. मी संध्याकाळी वाशीला उतरून नवा रुमाल घेतला, बांधणीचा, काठाला छोटे आरसे. वर्गात शोभून दिसेल.

११ ऑगस्ट, सोमवार

आजचा दिवस लाल अक्षरात लिहायला हवा. नव्या रुमालाखाली छत्तीसच्या छत्तीस मुलांनी पाच बोटं धरली. एकही मूठ नाही. राजनंदिनीनेसुद्धा पाच. मी तिला म्हटलं, "बघ, आलं की नाही?" तिने मान हलवली. आता तिला शाळा सुटल्यावर थांबवायची गरज उरली नाही.

निखिल सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांची पाच? एकदम?" त्यांच्या आवाजात मत्सर होता असं मला वाटलं. तरुण मुलगा आहे, होणारच.

१३ ऑगस्ट, बुधवार

घटक चाचणीचे पेपर तपासले. अंशात अंश मिळवलेत, छेदात छेद मिळवलेत. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश. छत्तीसांपैकी बावीस जणांनी हेच केलं आहे. राजनंदिनीच्या पेपरवर तिचं नाव, तारीख, तुकडी आणि मोत्यासारख्या अक्षरात उतरवलेले पाच प्रश्न होते. उत्तर एकही नव्हतं.

मी संतापले. वर्गात गेले आणि म्हटलं, "पाच बोटं धरली होतीत ना सगळ्यांनी? मग हे काय? माझ्याशी खोटं?"

मी उदयसिंहाला उभं केलं. "तू सांग. पाच का धरलीस?"

त्याने आधी मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाला, "बाई, मूठ केली की तुम्ही दाखवता."

मी त्याला बसायला सांगितलं. उरलेला तास मुलांना पाढे लिहायला लावले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. राजनंदिनीने सबंध तासात मान वर केली नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सहा तारखेचं पान वाचलं. 'रुमाल जरा सरकला.' बावीस वर्षांची टाचणवहीची सवय अशी सुटत नाही.

रुमाल सरकला नव्हता. मी उचलला. राजनंदिनीला पुढे बोलावलं, तिने खाली हात दिला, आणि मी साहेबांकडे बघत जादूगारासारखा रुमाल वर उचलला. माझ्या तळव्यावर तिची मूठ. सगळ्यांनी पाहिली. शिक्षक हसले, मुलंही हसली, कारण मोठी माणसं हसली. ती हात काढून घेईना. हात काढून घेतला तर काय होईल हे तिला कळत नसावं. मागच्या बाकावर तिचे वडील होते.

मला वाटलं होतं, तिची निदान तीन-चार बोटं असतील. आनंदाच्या भरात उचलला. चूक झाली, पण मनात वाईट नव्हतं.

आज ती आली नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनालाही ती नव्हती, आजही नाही. दुपारी कार्यालयातून निरोप आला की राजनंदिनीच्या घरून शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज आला आहे, वर्गशिक्षिका म्हणून माझी सही हवी. अर्ज तिच्याच अक्षरात होता. 'मी माझ्या मुलीस गावी शिकवू इच्छितो.' खाली हौसेरावांची वाकडी सही. शेवटच्या वाक्यात पसरलेली शाई तिने रेघ मारून नीट केली होती.

प्रियदर्शिनी मॅडम म्हणाल्या, "सध्या पट किती नाजूक आहे तुम्हाला माहीत आहे. एक मुलगी म्हणजे एक मुलगी." त्यांना पटसंख्येची काळजी होती. मी अर्ज पर्समध्ये घालून घरी आणला. सही केली नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

चौदा तारखेचं पानही खोटं आहे.

त्या दिवशी मुलांमधून रुमाल फिरवून झाल्यावर साहेबांनी मला हळूच विचारलं, "काय निकाल?" मी म्हटलं, "बहुतेकांची चार-पाच." ते हसले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पढवून आणलेली असतात हो बाई. आम्हीही मास्तर होतो."

मला ते सोसलं नाही. सगळं खरं आहे हे त्यांना दाखवायला मला एक मूठ हवी होती, आणि मूठ कोण देईल हे वर्गात एकट्या मला माहीत होतं. सकाळी सराव घेतला तेव्हाही तिने मूठ टेकवली होती आणि मी तिला म्हटलं होतं, घाबरू नको, आपण परत करू. मग मी तिला पुढे बोलावलं. रुमालाखाली तिची मूठ माझ्या हाताला लागली, ओली होती, नखं आत वळलेली. म्हणजे उचलण्याच्या आधी मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच उचलला.

आणि वर मी बोलले. ते वाक्य आजपर्यंत कुठेच लिहिलं नाही. "बघा साहेब, पढवलेली असती तर ही मूठ दिसली असती का? ही आमची सगळ्यात मागे पडलेली मुलगी."

साहेब म्हणाले, "वा." त्या एका शब्दापायी, हो, एका 'वा'पायी मी हे केलं. सबंध वर्ग तिच्याकडे बघत होता आणि ती माझ्याकडे. तिने मला विनवलं होतं, पप्पांना कळू देऊ नका. मी त्यांना निमंत्रण देऊन बोलावलं आणि त्यांच्याच रुमालाने दाखवलं.

जेवताना नंदकुमारची ती म्हण आठवली आणि ताट तसंच सारून उठले. त्याला काही सांगितलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

शाळा सुटल्यावर बसने कोपरखैरण्याला गेले. माथाडी वसाहतीतली एक खोली आणि मागे स्वयंपाकघर, दारात चपलांची नीट ओळ. तिच्या आईने, विजयमालाने, दार उघडलं आणि मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. आत दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. हौसेराव खाटेवर बसले होते, पाठीशी उशी. तांबडा रुमाल खिडकीच्या गजाला वाळत होता.

"बसा बाई," ते म्हणाले. माझ्यापेक्षा तेच जास्त अवघडलेले होते. विजयमालाने पाणी दिलं. मी बसताबसता सांगून टाकलं की माझी चूक झाली, तिचा दाखला नेऊ नका.

"चूक तुमची कशी?" ते म्हणाले. "म्याच रुमाल दिला. बाजारातली चीज शाळंत द्यायला नगं हुती. तीस वरसं त्या रुमालाखाली मोठमोठ्या व्यापाऱ्यांचं सौदं झालं, माज्या डोळ्यांदेखत. कुनाचं नाव बाहीर न्हाई आलं. आन माज्या पोरीचं आलं."

मला म्हणायचं होतं की मी नकळत केलं. जिभेवर आलं होतं. गिळलं.

विजयमाला म्हणाली, "बाई, रोज रातीला ती पाच बोटं उघडून बघती हाताची आन परत मिटती. काय झालंय म्हनलं तर बोलत न्हाई. आजीजवळ जरा मोकळी हुईल."

मी म्हटलं, "मी तुमची माफी मागायला आले."

हौसेरावांनी खिडकीकडे बघितलं. "माफी माजी नगं. जिचा हात हुता तिची मागा. शुक्रवारी येतो तिला घिऊन, दाखला न्यायला. तिला वाटलं तर वर्गात येईल, न्हाई वाटलं तर न्हाई. म्या सांगनार न्हाई."

राजनंदिनी स्वयंपाकघराच्या दाराआड होती. तिच्या वेणीची लाल रिबीन दिसत होती. मी हाक मारली नाही, धीर झाला नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दुसऱ्या तासाला दोघं आली. हौसेराव व्हरांड्यातल्या बाकावर बसले. राजनंदिनी दारात थांबली, मग आत येऊन तिसऱ्या बाकावर तिच्या जागी बसली. दप्तर आणलं नव्हतं.

मी आरशांचा रुमाल आणला नव्हता. काल रात्री बोलायचं सगळं ठरवलं होतं, पण उभी राहिल्यावर त्यातलं काही आठवेना. मग जे आलं ते बोलले. त्या दिवशी रुमाल सरकला नव्हता, मी उचलला. उचलायचा नाही हा नियम मी केला होता आणि मीच मोडला. हसू राजनंदिनीचं झालं, व्हायला हवं होतं माझं. तुम्ही पाच बोटं धरता हे बरोबरच करता, मी असते तर मीही धरली असती.

भिंतीपलीकडे निखिल सर शिकवायचे थांबले होते. हातवाऱ्यांच्या गाण्यापेक्षा आज जास्त लाज वाटत होती, पण ती वेगळी होती, अंगावर घ्यावीशी वाटणारी.

मी म्हटलं, "आजवर मी विचारलं आणि तुम्ही सांगितलं. आज राजनंदिनी मला विचारेल. काहीही. हो असेल तर मी एक बोट धरीन, नाही असेल तर मूठ टेकवीन." आणि पदर पसरून हातावर घेतला. "तुला यायचं असेल तर ये."

ती येणार नाही असं वाटलं. मग बाक सरकल्याचा आवाज झाला. ती आली, माझ्या खांद्याएवढी उंच आहे, टाचा उंचावून माझ्या कानाशी तोंड आणलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

"बाई, मूठ आहे हे तुम्हाला आधीच माहिती होतं?"

मी वर्गाला रुमाल उचलल्याचं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं. काल ठरवलेल्या भाषणातही ते नव्हतं. पदराखाली तिचा हात माझ्या हातापाशी आला आणि थांबला. मूठ टेकवली असती तर तिने मानलं असतं, अजून लहान आहे.

मी तिचं एक बोट धरलं.

तिने हात लगेच काढला नाही. माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच, पण आज मी नजर साहेबांकडे वळवली नाही, कारण साहेब नव्हते. मग ती हळूच हात काढून जागेकडे निघाली.

उदयसिंहाला राहवेना. "काय विचारलंस गं? बाई काय बोलल्या?"

सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला. ती बाकात बसली, फ्रॉकची घडी सारखी केली आणि म्हणाली, "रुमालातलं रुमालात."

मी तेव्हाच सगळ्यांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीने मला झाकलं आणि मी झाकून घेतलं. हे लिहिताना कान जळतायत.

तास संपल्यावर ती व्हरांड्यात गेली. बाप-लेक काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. हौसेरावांनी दारातून मला हात जोडले आणि कार्यालयाकडे न जाता फाटकाकडे गेले. दाखल्याचा अर्ज अजून माझ्या पर्समध्ये आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

राजनंदिनी आली, दप्तर घेऊन. गणपतीला पाच दिवस गावी जाऊन परत येणार म्हणाली. रजेचा अर्ज आणला होता, त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

भिन्नछेद अपूर्णांक पहिल्यापासून घेतले. तासाच्या शेवटी साधा पांढरा रुमाल घेऊन सगळ्यांकडे गेले. पाच, पाच, पाच, पाच. उदयसिंहाने पाच धरली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. या मुलांचा दोष नाही, मी थांबेन.

तिसऱ्या बाकापाशी आले. रुमालाखाली तिचा हात आला, जरा थांबला, आणि माझ्या तळव्यावर मूठ टेकली.

मी रुमाल तसाच ठेवून पुढे गेले. शाळा सुटल्यावर ती आपणहून थांबली. माझ्या डब्यात दोन पोळ्या ठेवल्याच होत्या.